पाच पिंजऱ्यांवरचा बिब्बा

मी बिब्बा बोलतोय. किराणा दुकानात बरणीत पडलेला असतो तोच. काळा, टणक, बदामाहून जरा बसका. चांगल्या कामात कुणी खोडा घातला की तुम्ही लोक म्हणता, "यानं मध्येच बिब्बा घातला." या बोलण्याचा मला फार राग यायचा. आम्ही कुणाचं काय वाकडं केलंय, असं मी बरणीतल्या भावंडांना तावातावानं विचारत असे. आता विचारत नाही. मी काय केलं ते मला माहीत आहे, आणि ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म इस्लापूरच्या पलीकडच्या रानातला. झाडावर होतो तेव्हा माझ्या माथ्यावर केशरी, गोड बोंड होतं. गुराखी ते खायचे आणि मला फेकून द्यायचे, कारण माझ्या सालीत तेल असतं आणि ते कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड उठतात. चांगुणाबाई नावाची एक बाई आम्हाला वेचायची, घरी नेऊन दगडावर फोडायची आणि आतली गोडंबी काढायची. लाडवात तुम्ही ती आवडीनं खाता. खाताना चांगुणाबाईचे हात काही तुमच्या समोर नसतात. बोटांपासून कोपरापर्यंत नुसते डाग. माझ्या देठातून उडालेला एक थेंब तिच्या गालावर बसला, तेव्हा तिनं मला उचलून उन्हात धरलं आणि म्हणाली, "तुला न्हाई फोडत. साबूत हायेस. जा, कुणाच्या तरी दाराला बांधला जा. तेवढं तरी भलं कर कुणाचं." तो डाग तिच्या गालावर राहिला. माझा पहिला कसूर तो.

तिचं बोलणं मात्र मी मनाशी धरून ठेवलं. भलं करायची मला फार हौस लागली, आणि पुढं सगळं बिघडलं ते त्या हौसेपायीच.

नांदेडच्या दुकानातून आम्हा पाच जणांना शेषेरावांनी नेलं. पन्नाशीचे, खाकी शर्टातले, बोलायला मऊ. मूळचे किल्लारीचे, भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावातले. बायको तारामती तिकडे घर आणि शेत बघायची, आणि हे नांदेडला एका प्रयोगशाळेत अठरा वर्षं नोकरीला. सकाळी तिथल्या झाडांना पाणी, दुपारी उंदरांना दाणा. उंदीर म्हणजे पांढरे, लाल डोळ्यांचे, संशोधनासाठी पाळलेले. शेषेराव त्यांना लेकरं म्हणायचे.

प्रयोगशाळेचे मुख्य गुरुबसप्पा सर, उदगीरकडचे. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी लुंबिनी. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर होते; तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झाला आणि ती बारावीत असताना गेले. आता ती ज्या झाडावर काम करत होती ते तंबाखूच्याच नात्यातलं. एकदा पानं तोडताना म्हणाली, "या खानदानानं माझा बाप नेला, मामा. आता यालाच कामाला लावलंय." शेषेरावांना ती मामा म्हणायची.

काम काय, ते शेषेराव आपल्या गाववाल्यांना सांगायचे तसंच सांगतो. "कॅन्सरच्या गाठीवर एक प्रोटीन असतंय. तसलंच प्रोटीन झाडाच्या पानात तयार करून घ्यायचं, पानं वाटायची, गाळायची, त्याची लस करायची. मंग अंगातल्या शिपायाला आदीच वळख पटती, का ह्यो चोर हाय म्हणून." याहून सोपं मला कुणी सांगितलेलं नाही.

लस चालते का हे बघायला दहा पिंजरे होते. पाचांतल्या उंदरांना त्या प्रोटीनची लस, पाचांतल्यांना नुसत्या साध्या पानांचा गाळलेला रस. मग सगळ्यांनाच गाठ धरेल अशा पेशी टोचायच्या आणि कुणाची गाठ किती वाढते ते मोजायचं. मोजणार लुंबिनी. म्हणूनच कुठल्या पिंजऱ्यात काय दिलंय हे लुंबिनीला कळू द्यायचं नव्हतं. सर म्हणाले, "मोजणाऱ्याला माहीत असलं की हात आपोआप तिकडं झुकतो. हात वाईट नसतो, पण झुकतो." यादी त्यांनी स्वतःच्या कपाटात बंद केली. सुया त्यांनीच टोचल्या. पण उंदीर धरून द्यायला शेषेराव होते. लाल पट्टीची बाटली खरी, निळ्या पट्टीची साधी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन्हीकडची पानं त्यांनीच तोडून दिली होती. सरांनी बजावलं, "लुंबिनीला एक शब्द बोलायचा नाही."

"एक शबूद न्हाई," शेषेराव म्हणाले.

आणि शब्द पाळला हो त्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी, खोलीत कुणी नसताना, त्यांनी काळ्या दोऱ्यात एकेक बिब्बा ओवला आणि खऱ्या लसीच्या पाच पिंजऱ्यांना बांधून टाकला. बोलायचं नव्हतं, बांधू नये असं कुणी सांगितलं नव्हतं. गोंडस लेकराला नजर लागते, भरल्या पिकाला लागते, मग एवढ्या मोठ्या लसीला लागायची नाही का? त्यांच्या मनात एवढंच. मी चार नंबरच्या पिंजऱ्यावर आलो. दोरा आवळताना ते पुटपुटले, "सांभाळ रे." माझी छाती फुगली. शेवटी मला काम मिळालं होतं.

लुंबिनीनं आम्हाला तिसऱ्याच दिवशी पाहिलं.

"मामा, हे काय नवीन?"

"काय न्हाई ताई. असंच."

"दृष्ट? उंदरांना?" ती हसायला लागली. तिच्या घरात आजोबांपासून असलं काही मानत नसत. "सरांनी बघितलं तर बोलणी मला बसतील. बरं, राहू द्या. तुमची हौस."

प्रेमापोटी तिनं आम्हाला राहू दिलं. मग सहज तिची नजर पिंजऱ्यांवरून फिरली. एक, चार, पाच, आठ, नऊ. पाचालाच बिब्बे. हसू तोंडावरच थांबलं. तिनं शेषेरावांकडे पाहिलं. ते दाण्याचा डबा पुसत होते. तिला कळलं. तेव्हाच तिनं सरांकडे जायला हवं होतं, आणि तेही तिला कळत होतं. ती गेली नाही. मी तिच्यावर बोट ठेवणार नाही. जे लपवायचं ते दाखवत लटकलो होतो मी.

गाठी हाताला लागू लागल्यावर दर सोमवारी आणि गुरुवारी मोजणी सुरू झाली. कॅलिपर नावाचं स्टीलचं माप असतं. त्याच्या दोन जबड्यांत गाठ धरायची आणि आकडा वाचायचा. गाठ मऊ असते. माप नुसतं टेकवलं तर एक आकडा येतो, जरासं दाबलं तर कमी येतो. दोन नंबरच्या पिंजऱ्यात लुंबिनी माप नुसतं टेकवायची. चार नंबरमध्ये, माझ्या खाली, तिचा अंगठा दाबला जायचा. अगदी केसभर. नख पांढरं पडायचं, ते मला वीतभर अंतरावरून दिसायचं. तिला दिसत होतं का? सुरुवातीला नसावं, हे मी शपथेवर सांगेन.

मोजणीच्या दुसऱ्या आठवड्यात किल्लारीहून फोन आला. शेषेरावांना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन मोठ्या आवाजात लावायचे आणि खोलीतल्या आम्हा सगळ्यांना त्यांच्या घरचं कळायचं. तारामतीच्या छातीत गाठ होती. दोन महिने तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. भावानं लातूरच्या दवाखान्यात नेलं, तपासणी झाली, कॅन्सरच निघाला.

"केवढी हाय?" शेषेरावांनी विचारलं.

"बिब्ब्याएवढी," ती म्हणाली.

शेषेरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"डॉक्टरनं तारीख देली. पंधरा दिवसानं, बुधवारी. म्हणले, वेळंवर आलात. आता काढून टाकली का निभावती."

"मंग काढून टाक," शेषेराव म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ते पुढं शिरलं, आणि आमच्यामुळे शिरलं.

तिसऱ्या आठवड्यात लुंबिनीनं चार नंबरचा आकडा लिहिला आणि थांबली. अंगठ्याकडे बघितलं. पुन्हा माप लावलं, या खेपेला हलक्या हातानं. आकडा मोठा आला. तिनं पेन वहीवर नेलं. मग पहिलाच आकडा ठेवला आणि पान उलटलं.

मी काही केलं नाही. मला बोलता येत नाही, ही सबब मी सांगणार नाही. माझ्या तेलाचा एक थेंब तिच्या बोटाला लागला असता तर चांगली जाग आली असती. पण खरं सांगू? आकडे लहान येत होते तेव्हा मलाही बरं वाटत होतं. मला वाटायचं, माझ्यामुळेच.

तेवढ्यात शेषेराव दाणा घेऊन आले. "काय म्हणतेत लेकरं?"

"काही पिंजऱ्यांत गाठ निम्मीच आहे, मामा."

"कंच्या?"

ती वही मिटायला लागली. पण मिटता मिटता तिची नजर माझ्यावर येऊन टेकली, आणि शेषेरावांना तेवढं पुरे झालं. ती गेल्यावर त्यांनी फोन लावला.

"तारा, बुधवारचं रद्द कर."

"कामून?"

"आपली लस चालून राहिली. माज्या डोळ्यानं बघून राहिलो. निम्मी गाठ. उगं चिरफाड कशाला करून घेतीस? जरा थांब. सरला सांगून पैली सुई तुलाच देतो."

पलीकडे तिनं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "डॉक्टरनं बुधवारीच ये म्हणलंय."

"डॉक्टरला काय ठाव, हितं काय चाललंय ते."

"तुमी म्हणता तर ऱ्हाऊ द्या." तिलाही ऑपरेशनची धास्ती होतीच. धास्तीला आधार सापडला.

तो बुधवार आला आणि गेला. मी पिंजऱ्यावर होतो, शेषेराव फरशी पुसत होते. मी दिवसभर वाट पाहिली की त्यांना काहीतरी आठवेल. त्यांनी जाताना मला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. त्या क्षणी दोरा तुटून मी खालच्या नालीत पडलो असतो तर बरं झालं असतं.

सातव्या आठवड्यात शेवटची मोजणी होती. लुंबिनी माप पुसत होती तेव्हा शेषेराव जवळ येऊन उभे राहिले.

"ताई, एक इचारायचं होतं. माणसाला सुई कदी सुरू हुईल?"

"माणसाला? मामा, त्याला अजून लई वर्षं. उंदरांत खरी ठरली तरी पुढं कितीतरी तपासण्या. दहा वर्षं धरा. कधी कधी होतच नाही."

"दहा?" त्यांनी खालचा ओठ चावला. "न्हाई, घरच्यांसाठी इचारून राहिलो. त्यांची गाठ आता लिंबाएवढी झाली म्हणं. ऑपरेशन रद्द केलं ना मी. आपली चालून राहिली म्हणून."

लुंबिनीनं माप टेबलावर ठेवलं. "कधी रद्द केलं?"

"महिना झाला."

"कुणी सांगितलं तुम्हाला, चालतेय म्हणून?"

शेषेरावांनी हात उचलून माझ्याकडे बोट केलं. "तुमीच तर हिकडं बघितलं, ताई."

ती स्टुलावर बसली. तिनं सगळं सांगितलं, एकदाही न थांबता. "खरी लस कुठल्या पिंजऱ्यांत आहे ते मला या बिब्ब्यांवरून कळलं होतं. तिथं माझा हात दाबला गेला. नंतर ते माझ्या लक्षात आलं, तरी मी तेच आकडे ठेवले. ते आकडे खोटे आहेत, मामा. मामींना काहीही करून दवाखान्यात न्या."

"मी तुमाला एक शबूद बोललो न्हाई," शेषेराव म्हणाले.

"नाही बोललात."

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. नजर अडवायचं काम माझं, असं म्हणतात. त्या दोन नजरा मला सोसवल्या नाहीत.

लुंबिनी वही घेऊन सरांकडे गेली आणि सर तिच्यासोबतच खोलीत आले. त्यांनी पाचही पिंजरे पाहिले, कात्री मागितली, आमचे दोरे कापले. लुंबिनी बोलणी खायला मान खाली घालून उभी. सरांनी विचारलं ते भलतंच. "लातूरच्या दवाखान्यात आज डॉक्टर भेटतील?"

"भेटतील," शेषेराव म्हणाले.

"मग इथं का उभे आहात? आधी बाईंची तारीख. उंदरांचं नंतर बघू." आणि लुंबिनीला, "तूही जा. हे तुझ्याच तोंडून त्यांना कळलं पाहिजे."

शेषेरावांनी सवयीनं मला उचलून शर्टाच्या खिशात टाकलं. म्हणून पुढचं मी ऐकलं. न ऐकून चाललं नसतं.

तारामती किल्लारीहून जीपनं लातूरला आली. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर लुंबिनी तिच्याशेजारी बसली आणि तिनं अंगठ्याची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी. तारामती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"माजी माय भूकंपात गेली," ती शेवटी म्हणाली. "मी बारा वर्षाची होते. गणपती बुडवून आलो, जेवलो, झोपलो. भूकंपानं कुणाला तारीख देली न्हवती, ताई. मला देली होती." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आन् तुमी ती मोडली."

शेषेराव उभेच होते. खिशात मला त्यांच्या छातीचे ठोके लागत होते.

"चूक माझी आहे, मामी," लुंबिनी म्हणाली.

"तुजी हाय. यांची हाय. माजी बी हाय, मला भ्या वाटलं म्हणून मी लगीच ऐकलं. समद्यांची हाय. पर गाठ एकट्या माज्याच अंगात हाय."

माझं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

दहा दिवसांनंतरची तारीख मिळाली. ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण काखेतही आजार सापडला. शेषेरावांनी डॉक्टरांना विचारलं, "म्हैन्यामागं आलो असतो तर काखेत असतं का हो?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." होय म्हणाले असते तरी चाललं असतं, नाही म्हणाले असते तरी. हे 'सांगता येत नाही' शेषेरावांच्या खिशात माझ्याशेजारी येऊन बसलं, ते आजतागायत आहे.

इकडे सरांनी दुसऱ्या विभागातल्या एका माणसाला बोलावलं. त्यानं पिंजरे कधी पाहिले नव्हते. उंदरांच्या गाठी काढून त्यानं काट्यावर वजन केलं. मग सरांनी यादी उघडली. खऱ्या लसीच्या गाठी जरा लहान होत्या, पण इतक्या थोड्या की सरांनी लिहिलं, 'सांगण्याजोगा फरक नाही.' लुंबिनीनं स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'या वहीतली मोजणी धरू नये,' आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. तिची पीएच.डी. वर्षभर पुढं गेली. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही.

आता नवा प्रयोग लागलाय. पानांतून प्रोटीन जास्त निघावं म्हणून काही बदल केलेत. पुन्हा दहा पिंजरे. या खेपेला उंदीर धरून द्यायला शेषेराव गेले नाहीत. स्वतःच म्हणाले, "मला खोलीभाईर ठिवा, सर. मला ठाव नको."

मध्यंतरी ते तारामतीला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन आले. केस गेलेले, डोक्याला रुमाल. काचेतून ती पिंजऱ्यांकडे बघत उभी राहिली. शेषेरावांनी तिला बिब्ब्यांचं सगळं पहिल्यांदा नीट सांगितलं.

"पाचालाच बांधले व्हते?" तिनं विचारलं.

"हाव."

"आन् बाकीच्या पाचाचं काय? त्यांच्या बी अंगात गाठच टोचली होती ना?"

शेषेराव बाहीनं काच पुसू लागले. मी चार नंबरवर लटकलो होतो तेव्हा शेजारच्या तीन नंबरमधले उंदीर रोज माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यांच्यासाठी मी एकदाही काही मागितलं नव्हतं. ती लेकरं माझी नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

शेषेरावांनी मला खिशातून काढलं आणि लुंबिनीला विचारलं. लुंबिनीनं सरांना विचारलं. सर म्हणाले, "आत काही नको. बाहेरच्या दाराला बांधायचं तर बांधा." तेव्हापासून मी इथं आहे, दाराच्या चौकटीला, काळ्या दोऱ्यात. चांगुणाबाई म्हणाली होती तसाच. माझी पाठ दहाही पिंजऱ्यांकडे आहे. कुठल्यात खरी लस आणि कुठल्यात साधा रस, मला माहीत नाही. कुणी सांगायला आलं तर ऐकायचं नाही, असं मी ठरवलंय.

तुम्ही मला दाराला बांधा, गाडीला बांधा, लेकराच्या कमरेला बांधा. मी मुकाट्यानं लटकेन. पण दवाखान्यानं तारीख दिली असेल तर माझ्या भरवशावर ती मोडू नका. माझ्यात तेवढं बळ नाही. माझ्या अंगात तेल आहे आणि त्यानं फोड येतात, एवढंच माझ्याबद्दल पक्कं सांगता येतं.

काल बुधवार होता. तारामतीला दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध देतात, त्यासाठी शेषेराव लातूरला गेले होते. त्यांच्याऐवजी लुंबिनीनं दहाही पिंजऱ्यांत दाणा घातला, हात धुतले, दार ओढून घेतलं आणि माझ्याखाली उभं राहून फोन लावला. आता तीही फोन मोठ्या आवाजात लावते.

"मामी, पोचलात का दवाखान्यात?"

"पोचले बाई," तारामतीचा आवाज आला. "आता मोडत न्हाई."